ताईची टाच

ताईच्या पायात ताल आला तो शिलाई मशीनमुळे. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करताना पायाने मशीन चालवलं, त्यामुळे नुसती खुर्चीत बसली तरी तिची टाच आपली चालूच. आवाज मात्र देवाने सवडीने घडवलेला. जाडसर, किंचित घोगरा. ब्लूजची दुखरी गाणी गावीत तर अशाच आवाजाने. धाकटा भाऊ तिच्या साथीला गिटार वाजवायचा. तिच्या गाण्यावर त्याचा जीव होता, पण चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

"ताई, अलीकडे तुझा पाय फार जड झालाय. खालचे लोक भांडायला येतील."

"येऊ देत," म्हणून ताई आणखी जोरात टाच आपटायची.

भावाने तिच्यापासून एकच गोष्ट लपवली होती. त्याचे कान निकामी होत चालले होते. वर्षभरात उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरने सांगितलं होतं. गाताना ताईचा आवाज त्याला धड पोचतच नसे. लाकडी जमिनीतून तिची टाच त्याच्या पायाला लागे, तेवढ्या आधारावर तो वाजवायचा. हे कळलं तर ताई गाणंच सोडेल, ही त्याला धास्ती. म्हणून आधी बारा गाण्यांचा अल्बम होऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

गाणी दोघांची स्वतःची, पण बाज आजोबांच्या काळातला. म्हणून रेकॉर्डिंगही तसंच, एकच माइक आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मागून जोडतोड नाही. चुकलं की पहिल्यापासून.

अकरा गाणी झाली. बारावं संथ होतं. रेकॉर्डिंगवाला मोठा काटेकोर माणूस, त्याने भिंतीवरचं घड्याळसुद्धा बाहेर नेऊन ठेवलं होतं.

"ताई, या गाण्यात टाच फार ऐकू येते हो," म्हणत त्याने तिच्या पायाखाली घोंगडी घातली. भावाने आपली खुर्ची तिच्या आणखी जवळ ओढली.

पहिल्या खेपेला तो ताईच्या पुढे पळाला. दुसऱ्या खेपेला मागे राहिला. "तार उतरली," असं म्हणून उगाच खुंट्या पिळत बसला. तिसऱ्यांदा डोळे मिटून वाजवलं. डोळे उघडले तर ताईचं तोंड मिटलेलं, गाणं केव्हाच संपलेलं, आणि दोघंही त्याच्याकडे बघत होते.

ताईने वाकून घोंगडी ओढून काढली आणि रेकॉर्डिंगवाल्याच्या हातात दिली.

"अहो, पण ठकठक..."

"राहू दे. माझा भाऊ त्यावर वाजवतो."

भावाने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "तुला कधी कळलं?"

त्याला ओठ दिसावेत म्हणून ताई पुढे झुकली. "तीन वर्षं झाली. तुझ्या पाठीमागे माझी मोठी कात्री पडली, तू वळलाही नाहीस. तेव्हापासून जोरात आपटते. आणि म्हणे पाय जड झाला! गाढवा, गुडघा दुखतो माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाजवायचं सोडलं असतंस."

रेकॉर्डिंगवाला घोंगडी घेऊन आत जाऊन बसला. भावाने डोळे पुसले, बूट-मोजे काढले आणि उघडे तळवे जमिनीवर टेकवले.

"ताई, आता हळू आपटलंस तरी चालेल. गुडघा सांभाळ."

"मला काही ऐकू येत नाही," म्हणाली ताई, आणि तिने टाच उचलली.