सातशे पाचचा कान

दुबलगुंडीच्या लिंगम्माला राग आला की ती भांडी आपटत नाही, आवाजही चढवत नाही. हातातलं काम दुप्पट वेगानं करायला लागते. शेजारणींनी हे बरोबर ओळखून ठेवलंय. तिचा खराटा भराभरा चालायला लागला की त्या म्हणतात, "आज कुणाचं तरी खरं न्हाई बगा."

त्या दिवशी तिनं एका दमात अठरा पिंजरे झाडले. पण ते नंतर. आधी हे ससे आले कुठून, ते सांगितलं पाहिजे.

नवरा वारला तेव्हा मुलगी शैलश्री आठ वर्षांची होती. शेतात तूर होती, पोटापुरतं पिकत होतं. पण लिंगम्माच्या हातांना स्वस्थता ठाऊक नाही. बिदरला ससेपालनाचं चार दिवसांचं शिक्षण होतं. गावातले सहा बाप्ये गेले, त्यांच्यात ही एकटी बाई. बाप्ये जेवून-खाऊन, फोटो काढून परत आले. ही मात्र सशाचा कान गोंदायला शिकून आली. सुयांचे आकडे बसवलेला चिमटा पिल्लाच्या डाव्या कानावर एकदाच दाबायचा आणि वरून काळी शाई अंगठ्यानं चोळायची. पहिला आकडा आईच्या पिंजऱ्याचा, पुढचे दोन पिल्लाचे. सात नंबरच्या मादीचं पाचवं पिल्लू म्हणजे सातशे पाच. मग वहीत आई, बाप, आजी, आजा आणि जन्माची तारीख. पिल्लू मेलं तरी नोंद, दात वाकडे निघाले तरी नोंद.

गाव हसलं. "लिंगम्मा सशाला गोंदायली, उद्या बारसं बी करंल!"

"तुमच्या म्हशीचा बाप कोण ते सांगा आधी," ती म्हणायची. कुणालाच सांगता यायचं नाही.

गोंदणावर तिचा भरवसा उगाच नव्हता. तिच्या स्वतःच्या डाव्या हातावर 'नागव्वा' असं गोंदलेलं आहे. लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून आईनं गोंदवून घेतलं होतं. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं. तिला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. रेशन कार्डापासून जमिनीच्या पहाणीच्या उताऱ्यापर्यंत सगळीकडे ती लिंगम्मा झाली. "कागदाचं काय," ती म्हणते, "लिहिणाऱ्याच्या मनावर. कातडं काय खोटं बोलत न्हाई."

आणि एवढं कळणाऱ्या या बाईनंच वीस कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या.

दिल्या कुणाला? महेशकुमारला. हा तिच्या सख्ख्या भावाचा, शरणबसवचा मुलगा. आळंदला असतो, तिचे ससे गावोगाव नेऊन विकतो. प्रत्येक सशाबरोबर वंशावळीचा एक कागद जायचा, खाली लिंगम्माची सही. तुरीच्या राशीच्या दिवसांत तिला दम खायला फुरसत नव्हती. "आत्या, सह्या तेवढ्या करून ठेवा, वहीत बघून म्या भरतो," तो म्हणाला. घरचाच पोरगा. शिवाय होणारा जावई. शैलश्रीच्या बारशातच लिंगम्मानं भावाला शब्द दिला होता: माझी पोर तुझ्याच घरात.

आता त्या दिवसाकडे येऊ.

सकाळी ठाणाकुशनूरहून पंचशीला नावाची बाई आली. तीन बस बदलून, मांडीवर टोपली घेऊन. तिनं वर्षापूर्वी महेशकडून राखाडी रंगाची एक जोडी घेतली होती. टोपलीत तीच जोडी होती, आणि बाजूला फडक्यात तिचं एक मेलेलं पिल्लू.

"अक्का, तोंड बगा ह्याचं," ती म्हणाली.

पुढचे दात वाकडे वाढून ओठाबाहेर आले होते. पिल्लाला गवताची काडी तोडता आली नव्हती. ते उपाशी मेलं होतं.

"अकरातली सात अशीच गेली. पाल्याचा रस पाजला, दात कापून बगितले. लोक म्हणायलेत माझाच हात वाईट. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

लिंगम्मानं तिच्याकडचे कागद घेतले. नर सातशे तीन, मादी चारशे पाच. आया वेगळ्या, बाप वेगळे. खाली दोन्हीवर तिची सही. मग तिनं मादी उचलली आणि डावा कान उन्हात धरला. राखाडी सशाची शाई तशी दिसत नाही, कानातून ऊन आरपार आलं की दिसते. सात, शून्य, पाच.

सख्खे बहीण-भाऊ. वहीत जन्माची तारीखही एकच, म्हणजे एकाच वेताचे.

"तू कान बगितला न्हाईस व्हय गं?"

"कामून बगायचं अक्का? खाली तुमची सही हाय की."

लिंगम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती महेशला फोन लावून "ये" एवढंच म्हणाली आणि खराटा उचलला. अठरा पिंजरे झाडून झाले तेव्हा मोटारसायकल दारात आली.

महेशनं पंचशीलाला पाहिलं, टोपली पाहिली आणि हसला. "आत्या, एवढ्यासाठी बोलावलंत? त्यांना दोन आयांची जोडी पायजे होती, माझ्यापाशी सातचीच पिल्लं होती. आपल्यात मामा-भाचीचं लगीन लागतंय, मग सशानं काय पाप केलंय?"

"मामा-भाची न्हाईत रे मुडद्या, एका वेताचे भाऊ-बहीण हायत! अन् माझ्या सहीनं लगीन लावलास त्यांचं!" चिमटा खुंटीलाच होता. तिनं तो हातात घेतला. "इकडं आण तुझा कान. लबाड म्हणून गोंदते. पुढच्या माणसाला वाचायला बरं."

तो दोन पावलं मागं सरला. हसू गेलं होतं. "हिचा सोडून किती कागद असे भरलास?" लिंगम्मानं विचारलं.

"नऊ."

लिंगम्मानं पंचशीलाची जोडी ठेवून घेतली आणि दोन वेगळ्या पिंजऱ्यांतले दोन ससे काढले. टोपलीत घालायच्या आधी तिला दोन्ही कान उन्हात धरायला लावले, आकडे मोठ्यानं वाचून घेतले. "चूक तुझ्या हाताची न्हाई, माझ्या सहीची हाय. तुझ्या गावात असंच सांग." मग ती महेशकडे वळली. "नऊच्या नऊ जणांना आता फोन करणार. कुणी फसवलं ते नावानिशी सांगणार."

"करा," महेश गाडीला किक मारत म्हणाला. "मग सोयरीक मोडली म्हणून समजा. पोरगी घरात बसली तर माझ्या अप्पांच्या दारात यायचं न्हाई."

तो गेला. पंचशीलाही बसला गेली. लिंगम्मा फोन हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावणार?

शैलश्री वही घेऊन समोर बसली. बावीस वर्षांची झाली होती. "लाव की फोन. नंबर सांगते."

"तुझ्यासाठी थांबायलेय गं."

"माझ्यासाठी?" शैलश्रीचा आवाज आईसारखाच, न चढता धारदार झाला. "अव्वा, कोऱ्या कागदावर सही करून तू त्याला फकस्त ससेच दिलेस व्हय? मी पाळण्यात होते. मला इचारलं होतंस?"

लिंगम्माला पोरीचाही राग आला. उलटून काहीतरी लागेल असं बोलायला जात तिनं हात उगारला आणि हातावरचं 'नागव्वा' तिच्याच डोळ्यांपुढं आलं. ती स्वतःवर इतकी चिडली की डोळे भरून आले.

पहिला फोन तिनं भावाला लावला. "अण्णा, बारशातला माझा शब्द परत घ्यायलेय. पोरीला इचारलं नव्हतं. कामून आता, ते तुझ्या पोराला इचार." पलीकडून शरणबसव ओरडत होता. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"सांग नंबर," ती म्हणाली.

शैलश्रीनं सांगितला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"म्या दुबलगुंडीची लिंगम्मा. माझ्या सहीचा कागद हाय न्हवं तुमच्यापाशी? तो बाजूला ठेवा. सशाचा डावा कान उन्हात धरा, अन् काय दिसायलंय ते मला वाचून दाखवा."