पहिल्या स्लाइडवर मी होते

"चप्पल काढ."

मॅडम मला म्हणाल्या. मी नववीत होते. आमच्या शाळेत कॉम्प्युटर खोलीचं उद्घाटन होतं. कॉम्प्युटर मॅडमच्या संस्थेने दिले होते. मॅडम भंडाऱ्याच्या, घरचा साड्यांचा मोठा व्यापार. मला वाटलं, खोलीत चप्पल चालत नसेल. पण त्यांच्या पायात सँडल होती.

"काहून, मॅडम?"

"फोटो चांगला येतो."

फोटोवाल्याने रांगेतून मलाच निवडलं होतं. "हे पोरगी बरोबर दिसते," म्हणाला. कशी बरोबर, ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यांना समजलं. मी काळी, हडकुळी. आईने सकाळी तांब्यात निखारे घालून माझ्या ड्रेसला इस्त्री केली होती. मॅडमनी माझी वेणी थोडी विस्कटली. माझा हात धरून माउसवर ठेवला. "डोळे मोठे कर. पहिल्यांदाच पाहतेस ना, तसं." स्क्रीन बंद होती. फोटो झाला, मला उठवलं. त्या दिवशी कॉम्प्युटर कोणी सुरू केलाच नाही.

मग तो फोटो संस्थेच्या पानावर, नेटवर आला. खाली लिहिलं होतं, 'जिच्या घरी अजून दिवा लागला नाही, तिच्या हाती आम्ही तंत्रज्ञान दिलं.'

माझे बाबा लाइनमनच्या हाताखाली काम करतात. खांबावर चढतात. आमच्या एकोडीकडच्या गावांत लाइन, म्हणजे वीज, गेली की लोक त्यांनाच हाक मारतात. शेजारच्या काकांनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "काय गा, गावाले लाइन देतेस अन् पोरीले अंधारात ठेवतेस?" सगळे हसले. बाबाही हसले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तू काही बोलली नाही का वं?"

काय बोलणार होते मी?

बारावीनंतर भंडाऱ्याला कॉलेजात आले. आमच्या घरातली पहिलीच. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाची शेवटची एसटी निघून जायची. राहायला जागा मिळाली ती मॅडमच्याच संस्थेच्या वसतिगृहात. फुकट. दारात फ्लेक्स. फ्लेक्सवर मी, अनवाणी. मुली म्हणायच्या, "ए दिवावाली, लाइट बंद कर ना." मी हसून बटण दाबायचे. रोज त्या फ्लेक्सखालूनच बाहेर, त्याखालूनच आत. दुसरं दार नव्हतं.

धीर करून मी मॅडमना म्हटलं, तो फोटो काढून टाका. त्या प्रेमानेच बोलल्या. "अगं, या फोटोमुळे लोक मदत करतात. तुझं जेवण त्यातूनच येतं." मी जेवायला गेले. ताट वाढून घेतलं. संपवलं.

नंतर संस्थेने शाळांमध्ये 'डिजिटल नागरिकत्व' शिकवायचं ठरवलं. शिकवणार आम्ही, कॉलेजची मुलं-मुली. खरं सांगते, मला ते काम आवडलं. पासवर्ड कसा जपायचा, खोटा मेसेज कसा ओळखायचा, कोणी त्रास दिला तर कुठे सांगायचं. मी गच्चीवर जाऊन मोठ्याने सराव करायचे. मला माझ्याच शाळेत पाठवलं. मॅडमही आल्या. गाडीत म्हणाल्या, "सुरुवातीला एक स्लाइड वाढवली आहे. मुलांना प्रेरणा मिळेल."

पहिल्या स्लाइडवर मी होते. भिंतभर. मुलं एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मी घाईने बटण दाबलं. दुसरी स्लाइड आली. वर्गाने एका सुरात वाचली, 'कोणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.'

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"ताई, तुमाले इचारलं होतं का?"

मॅडम मागून हसत म्हणाल्या, "सांग ना तिला, हो म्हणून."

हो म्हटलं की तास पुढे सरकणार होता. माझी खाट, माझं ताट, माझं कॉलेज, सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. एक शब्द तर होता.

"नाही," मी म्हणाले. आवाज फाटला. "कोणी इचारलं नाही. अन् आमच्या घरी लाइन आहे. तवाही होती."

कोणी हसलं नाही. पुढचा धडा होता, तक्रार कशी करायची. तो मी शिकवला. माझा मोबाइल काढला, संस्थेच्या पानावरचा तोच फोटो उघडला आणि मुलांसमोर, माझ्या नावाने, साइट चालवणाऱ्यांकडे तक्रार केली.

वसतिगृहाजवळ गाडीतून उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "तक्रार मागे घे. नाहीतर उद्या खोली रिकामी कर."

मी खोली रिकामी केली.

आता गावाहून पहाटेच्या एसटीने येते. प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडून पळते. या वर्षी मार्क कमी पडतील, मला दिसतं आहे. फोटो अजून तिथेच आहे. कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये गेला असेल, ते कधी कळणार नाही, आणि तिथून तो परत येणारही नाही. हे मीच मुलांना शिकवलं होतं.

परवा मॅडमचा मेसेज आला. 'झालं ते विसर. जागा तुझीच आहे. फक्त तक्रार मागे घे.'

मी लिहिलं, 'आधी फोटो काढा. मग मुलांसमोर सांगा, की विचारलं नव्हतं.'

उत्तर आलेलं नाही. तक्रार फेटाळली तर पुन्हा करीन. मागे घेणार नाही.