निकमबाई आणि आयरिश विभक्ती

निकमबाईंची पहिली ओळख झाली ती पंचवटीतल्या आमच्या शाळेत. मी नवी शिक्षिका होते आणि मुख्याध्यापकांनी मला बाईंच्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसायला सांगितले होते. सटाण्याकडून आलेली एक मुलगी उभी राहून अहिराणीत म्हणाली, “मनी आजी घर शे.” वर्ग हसला. बाईंनी फळ्यावर ‘आहे’ आणि ‘शे’ शेजारी शेजारी लिहिले. “दोन्ही बरोबर आहेत,” त्या मुलीला म्हणाल्या. “पेपरात हे लिही, आजीशी ते बोल.” त्या दिवसापासून, सहकारी असूनही, मी स्वतःला त्यांची विद्यार्थिनीच मानत आले.

पुढे पतीच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडला गेलो. तिथल्या प्राथमिक शाळेत कायमचे शिकवायचे तर आयरिश भाषेची परीक्षा द्यावी लागते. मी नापास झाले. बाईंना फोन करून सांगितले, “बाई, शिकवणं सोडतेय. दुकानात काम मिळतंय.”

“ते मिळेल गं. पण अडलंय कुठे?”

अडले होते शब्दयोगी अव्ययांपाशी. आयरिशमध्ये ती नामाच्या आधी येतात आणि नामाचे रूप पालटतात. टेबलाला ‘बोर्ड’ म्हणतात, पण ‘टेबलावर’ म्हणताना त्याचा ‘मोर्ड’ होतो. घर म्हणजे ‘त्याख’, पण ‘घरासमोर’ म्हणताना ‘टी’. मी सगळे पाठ करत होते आणि ऐन वेळी विसरत होते.

“आपल्याकडे ‘घर’चं ‘घरा’ होतं, शेवट बदलतो,” बाई म्हणाल्या. “यांची सुरुवातही बदलते म्हणायची. पुस्तक पाठव बरं.”

बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. तरीही भिंग घेऊन त्या माझ्याबरोबर आयरिश शिकू लागल्या. त्यांची दुपार ती माझी सकाळ. मुलांना शाळेत सोडले की फोन लागायचा. एकदा त्या म्हणाल्या, “‘समोर’ला हे लोक ‘ओस कोर’ म्हणतात. त्यातलं ‘कोर’ मुळात नाम आहे. म्हणजे ‘घराच्या पुढ्यात’. नामाला नाम जोडलं की मध्ये षष्ठी येणारच. तू ‘च्या’ म्हणून बघ. अव्यय दोन शब्दांचं असेल, तर पुढे षष्ठी.” इतके दिवस परके वाटणारे वाक्य मला त्या दिवशी समजले.

आठवड्याने त्यांनीच आपणहून फोन केला. “मी तुला चुकीचं सांगितलं. ‘भोवती’ला त्यांचा ‘टिंपल’ हा एकच शब्द आहे, तरी पुढे षष्ठीच येते. शब्द मोजू नकोस. आत नाम दडलंय का ते बघ.” आपली चूक इतक्या सहज सांगणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत.

त्याच सुमारास नाशिकला माझी आई आजारी पडली. परीक्षा तोंडावर, मला येता येईना. बाई रोज रिक्षाने रुग्णालयात जाऊन आईपाशी बसत. आईच मला फोनवर म्हणाली, “तू पेपर दे. बाई हायेत इथं.” बाईंनी स्वतः याचा कधी उच्चार केला नाही.

आई बरी झाली आणि मी उत्तीर्ण झाले. आज मी तिथल्या मुलांना त्यांचीच भाषा शिकवते. पोलंडहून किंवा केरळहून आलेले एखादे मूल चुकले आणि वर्ग हसला, तर काय करायचे हे मला ठाऊक असते. निकाल कळवला तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, “छान. मग माझी क्रियापदं कधी सुरू करायची?”

बाईंची पंचाहत्तरी साजरी होत असताना मी दूर आहे, पण आपल्या सर्वांबरोबर त्यांना मनोभावे वंदन करते. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. डोळे आणि कान असेच साथ देवोत. क्रियापदे आम्ही नुकतीच सुरू केली आहेत, आणि ती बरीच आहेत.