खेडकडचा हेल

खुर्शीद खेडची. जगबुडी नदीच्या काठी वाढलेली मुलगी लग्न होऊन रत्नागिरीत बंदराजवळच्या मोहल्ल्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तोंड मिटलं. कारण एवढंच की ती वाक्याचा शेवट लांबवून वर न्यायची. "मीठ कुठं ठेवलंयऽऽ?" असं तिनं विचारलं की जावा हसायच्या आणि दारातली पोरं तोच सूर ओढत गल्लीभर पळायची. खेड काही परदेश नाही, रेल्वेनं दोन-अडीच तासांवर आहे. पण आमच्याकडे तालुका बदलला की बोलणं बदलतं, आणि दुसऱ्याच्या बोलण्याला हसणं हा तर सगळ्याच तालुक्यांचा आवडता उद्योग.

मग खुर्शीदनं शिलाईचं काम धरलं. त्यात बोलावं लागत नाही. बायका मापाचा ब्लाउज आणून देतात, ती मान हलवते. दुकानातही ती बोट दाखवून वस्तू घ्यायची. माझ्याकडे मात्र भरपूर बोलायची. मी पुण्याची, त्यामुळे माझ्याही 'चहा घेणार का' ला मोहल्ल्यात हसत असत, हे तिला ठाऊक होतं.

तिचा नवरा अयूब आमच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान होता. बोट माझ्या सासऱ्यांची, आप्पांची. माणूस कामाला वाघ, पण नकलांचा भारी नाद. बोटीवर वायरलेस आला तेव्हापासून त्याला रानच मोकळं मिळालं. एकदा जयगडचा होऊन बोलेल, एकदा मालवणचा. मासळी कुठं लागली हे इतरांना कळू नये म्हणून सगळेच तांडेल थोडंफार फसवतात. अयूब मजेसाठीही फसवायचा. आदल्या हंगामात तर त्यानं रघू तांडेलाचा आवाज काढून "मशीन बंद पडलं, धावा" असा पुकारा केला. चार बोटी धावल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागी यानं जाळं टाकलं. बंदरावर मारामारी व्हायची तेवढी राहिली. आणि त्याची सगळ्यांत गाजलेली नक्कल कुणाची, तर बायकोची. "अहो, घरी कधी येणारऽऽ?" एवढंच म्हणायचा. पंचवीस बोटींवर हशा. खुर्शीदला हे माहीत होतं. "समुद्रावरपण हसतात मना, वैनी," एवढंच एकदा म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

दोन हजार एक सालची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. दुपारी अचानक दक्षिणेकडून वारा सुटला. माडांच्या झावळ्या एकाच बाजूला वळल्या आणि खाली समुद्राचा रंग शिशासारखा झाला. खुर्शीद छोट्या अनसला जावेकडे सोडून, अर्धवट शिवलेलं कापड हातात घेऊनच आमच्याकडे आली. बोटींशी बोलायचा सेट आमच्या ओटीवर होता. आप्पा बर्फाच्या कारखान्यावर गेले होते. सेटला घरातल्या कुठल्याच बाईनं हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. बाईचा आवाज वायरलेसवर जाणं अपशकुनाचं, असं बंदरावर सगळेच मानत.

आम्ही दोघी नुसत्या ऐकत बसलो. खरखर, कुणाचं तरी हसणं, पुन्हा खरखर. आणि मग अयूब.

"अयूब बोलतोय. आप्पांची बोट. पंख्यात दोर गुंतलाय, मशीन बंद हाय. वारा खडकाकडं ढकलतोय. पूर्णगडच्या खालती. कोण हाय जवळ?"

मग रघूचा आवाज, अगदी निवांत. "कोण बोलतोय? अयूब? का आज अयूबची नक्कल करतोस?"

हशा. दुसरा कुणी म्हणाला, "गेल्या सालाला रघूचं मशीन बंद पाडलंस, आता तुझं काय रे?"

"खोटं नाय! पाणी येतंय आत!"

"येऊ दे, येऊ दे. आंघोळ कर."

मला वाटलं, असेलही थट्टाच. खुर्शीदकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"वैनी, हा खरं बोलतोय," ती म्हणाली. "वायरलेसवर हा कधी आपल्या आवाजात बोलतो? आज बोलतोय. त्याला भीती वाटलीय."

मी मथुरेला, आमच्या कामवालीला, आप्पांना आणायला पिटाळलं. पण बंदरातून बोट काढून तिकडे पोचेपर्यंत खडक थांबणार होते थोडेच? जवळ होत्या त्या समुद्रावरच्याच बोटी, आणि त्या हसत होत्या. मी दंडक बाजूला ठेवला, सेटचं हातात धरून बोलायचं यंत्र उचललं, बटण दाबलं आणि म्हणाले, "आप्पांच्या घरून बोलतेय. अयूब खरंच संकटात आहे, कृपा करून जा."

"वा रे अयूब! आता मालकाची पुणेरी सूनपण?"

एवढ्यात खुर्शीदनं ते यंत्र माझ्याकडून ओढून घेतलं. बटण कुठलं हे मी दाखवलं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. तिचा अंगठा घामानं घसरत होता.

"तो खोटं बोलत नाहीऽऽ," ती म्हणाली. "माझा माणूस बुडतोयऽऽ. जा हो कुणीतरीऽऽ."

सगळा समुद्र हसला. कुणी शिट्टी मारली. "आली रे आली, बिवी आली! आता 'घरी कधी येणार' बोल!"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं ती यंत्र टाकून पळून जाईल. जिनं दुकानात मीठसुद्धा मागितलं नव्हतं ती बाई. पण ती उभी राहिली. तिनं पुन्हा बटण दाबलं आणि तेच सांगितलं, त्याच लांबलेल्या सुरात, अधिक मोठ्यानं. मग बटण सोडलं.

खरखरीतून अयूबचा आवाज आला. घसा फाटलेला.

"खुर्शीद?" तो म्हणाला. "खुर्शीद, तू हायस तिथं? अनसला सांभाळ गो."

हसणं एकदम थांबलं.

त्यांच्यात पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. अयूबनं तिच्या हजार नकला केल्या, पण तिचा उल्लेख नेहमी 'अनसची अम्मी' असाच. तिचं नाव काय हे त्या पंचवीस बोटींवर कुणालाच ठाऊक नव्हतं. थट्टेत माणूस कितीही पुढे जाईल, पण दोनदा घेतलेल्या त्या नावात थट्टा नव्हती, आणि ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.

"अयूब," रघूचा आवाज बदललेला होता. "नीट सांग. किनाऱ्यावर काय दिसतंय तुला?"

"देऊळ. डाव्या हाताला देऊळ."

"नांगर टाकलास?"

"सरकतोय."

"दुसरा टाक, जाळ्याला दगड बांधून टाक. येतंव मी."

मग एकेक आवाज आला. कुणी जयगडच्या सुरात, कुणी हर्णैच्या. आमी जवळ हाव, वळतंव, दोर तयार ठेवा. खुर्शीद प्रत्येक आवाजाला मान हलवत होती, जणू ते तिला दिसत होते. त्यानंतर अयूब बोलेनासा झाला. बॅटरी गेली असेल, मी म्हणाले. आप्पा आले, सेटपाशी उभ्या बायका पाहिल्या, आणि न रागावता शेजारी बसले. त्यांच्या त्या न रागावण्यानंच मला जास्त भीती वाटली.

उजेड कमी होत असताना रघूनं कळवलं की दोर लागला, माणसं सगळी आहेत.

आम्ही धक्क्यावर गेलो. रघूच्या बोटीमागे आमची बोट एका अंगावर कललेली. अयूब उतरला आणि जमिनीवरच बसला. रघूनं वर उभं राहून विचारलं, "बोल, आता कुणाचा आवाज काढतोस?" अयूबनं तोंड उघडलं, पण आवाज नव्हताच.

"त्याला कुणी काय बोलू नकाऽऽ," खुर्शीद भर धक्क्यावर ओरडली. "आधी चहा पाजाऽऽ कुणीतरी!"

मागे कुणा पोरानं लगेच तो सूर ओढलाच. खुर्शीदनं वळूनही पाहिलं नाही. तिनं अयूबच्या ओल्या सदऱ्याची बाही मुठीत पकडली होती, आणि चहा आला तरी ती मूठ तिला सोडवेना.