येत नाही म्हणायचं

कर्नाटकातल्या आमच्या हिरेकल्लूरच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात जुन्यांपैकी कुणीतरी त्याला बसस्टँडवर मंडक्की-मिरची खायला नेतं. मुरमुऱ्यांचा ढीग आणि तळलेली मिरची समोर आली की हळूच सांगायचं, "कॉम्प्युटर येत असला तरी येत नाही म्हणायचं." खात्याचं कुठलंही परिपत्रक आम्ही एवढ्या निष्ठेनं पाळलेलं नाही.

कारण साधं आहे. ज्याला येतं त्याच्या गळ्यात सगळं पडतं. मुलांची हजेरी, दूध, अंडी, शिष्यवृत्ती, बुटांची मापं, सगळं त्यानंच भरायचं. त्याचा वर्ग तिकडे बोंबलत असतो. मी हिंदी शिकवते, निवृत्तीला आले आहे, त्यामुळे मला कुणी विचारत नाही आणि मी तोंड उघडायला मोकळी आहे.

नागवेणी हेगडेला हे सांगायचं राहून गेलं. ती रुजू झाली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीची गाडी आली. एका कंपनीनं, एका विद्यापीठानं आणि आमच्या खात्यानं मिळून करार केला होता म्हणे, शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवायचा. कंपनी यंत्रं देणार, विद्यापीठ प्रमाणपत्र देणार, आणि खातं काय देणार? आम्हाला. आम्ही सगळे मांडीवर हात ठेवून गप्प बसलो होतो. पडद्यावर चित्र येईना. कंपनीचा माणूस घामाघूम झाला. बिचारी नागवेणी उठली, एक वायर उपसून दुसरीकडे खुपसली आणि चित्र आलं. सगळ्यांत जोरात टाळ्या आमच्या मुख्याध्यापकांनी, वीरभद्रप्पांनी वाजवल्या.

त्या दिवसापासून ती शाळेची प्रशिक्षक. म्हणजे आम्हाला शिकवायचं तिनं, आणि आम्ही शिकायचं नाही.

तिचं घर कुमट्याला, पार समुद्राकडे. नवरा, सासू आणि मुलगी मैथिली तिकडे. मुलीला तिनं रांगती असताना सोडलं होतं, आता ती शाळेत जाते. पूर्वी फोनवर रडायची, "आई, कधी येणार?" हल्ली विचारायचीच थांबली होती. जेवलीस का म्हटलं की "हं", अभ्यास केलास का म्हटलं की "हं". फोन ठेवल्यावर नागवेणी कितीतरी वेळ रिकाम्या वर्गात बसून राहायची. मला तिची दया यायची आणि आमच्या लोकांचा संताप.

यंदा तिची बदली झाली. थेट घराजवळच्या शाळेत. आम्ही पेढे मागितले. तेवढ्यात वीरभद्रप्पांनी चष्मा पुसत सांगितलं, "टीचर, आनंद आहे. पण करारात बसायला शाळेत एक प्रमाणपत्रवाला लागतोच. तुमच्या जागी कुणीतरी परीक्षा पास होऊ दे, मी स्वतः बॅग उचलतो तुमची."

"आणि कुणी नाही झालं तर?"

"तर बदली रद्द. माझ्या हातात काय आहे, सांगा?"

त्यात आणखी एक मेख होती. जो पास होईल त्याला तीन वर्षं बदली नाही, मोठी रजाही नाही. हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे नागवेणी जीव तोडून शिकवू लागली आणि आमचे लोक जीव तोडून विसरू लागले. शरणप्पा मास्तर जत्रेचे व्हिडिओ गाणी लावून साऱ्या तालुक्याला पाठवतात. पण वर्गात माउस असा धरायचे, जणू विंचूच हातात दिलाय.

शेवटी ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "मास्तर, तुम्हाला सगळं येतं. एकदा पास व्हा. मी पाया पडते."

शरणप्पांचा चेहरा उतरला. "असं नका बोलू, अक्का. तुम्हाला निदान जायला दुसरं गाव आहे. माझं घर इथं, म्हशी इथं, म्हातारा बाप इथं. हे एकदा माझ्या मानेवर बसलं की निवृत्तीपर्यंत उतरायचं नाही. तीन वर्षांनी तरी माझ्याकडून कोण घेणार?"

मास्तर खोटं बोलत नव्हते.

तेवढ्यात चैत्रा आली. हासनकडची, पहिलीच नेमणूक, सतत हसरी. पहिल्याच तासाला हात वर करून म्हणाली, "हे मला येतं!" स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला मंडक्की-मिरची खायला न्यायची पाळी माझी होती. मी पर्स उचलली तशी नागवेणी दारात आडवी आली.

"शकुंतलक्का, नका नेऊ तिला."

"अगं, पोर आहे ती. घरापासून एवढ्या लांब आलीय."

"माझी पण पोरच आहे तिकडे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

मी पर्स खाली ठेवली. तरी मला वाटलं, दुसरं कुणीतरी सांगेलच.

परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाचे एक सर आले, कंपनीचा एकजण कॅमेरा घेऊन आला. आमचे लोक झकास नापास झाले. एकानं तर यंत्र बंदच करून टाकलं. चैत्रा मात्र भराभर उत्तरं देत गेली. नागवेणी तिच्या मागे उभी होती. एकदा तिचा हात पुढे गेला, पोरीच्या खांद्यापर्यंत, आणि तसाच मागे आला. निकाल लागला, चैत्राच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. नागवेणी फोटोत आहे, पण तिची मान खाली आहे.

सुटका झाली, तरी बाईला चैन पडेना. निघायच्या दिवशी तिनं चैत्राला बसस्टँडवर नेलं, मलाही ओढलं. मंडक्की आली, मिरची आली. कुणी हात लावला नाही.

"चैत्रा," नागवेणी म्हणाली, "नव्या माणसाला आम्ही इथे एक गोष्ट सांगतो. तुला सांगितली नाही. मीच सांगू दिली नाही. तुला आता तीन वर्षं कुठे जाता येणार नाही. मला जायचं होतं म्हणून मी..."

चैत्रानं मिरची उचलली. "मला माहीत होतं, अक्का. शरणप्पा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग? वेडी आहेस का तू?"

"घरी माझं लग्न ठरवलंय. मामाशी, आमच्यात चालतं तसं. दिवाळीत ये, मोठी रजा काढ, मग बदली करून घे, असं चाललंय." ती मिरचीचं देठ खुडत राहिली. हसरा चेहरा पार विझला होता. "मी नाही म्हटलं तर ऐकत नाहीत. सरकार नाही म्हणालं तर ऐकतील. तीन वर्षं तरी."

ज्या गावातून सुटायला एकीनं देव पाण्यात घातले होते, तिथे दुसरी लपायला आली होती. आणि आम्हाला वाटलं होतं, पोरीला काही कळत नाही. मला माझी लाज वाटली.

कंडक्टरनं बेल मारली. नागवेणीनं बॅग आत टाकली, पायरीवर चढली आणि पुन्हा खाली उतरली. चैत्राचा तेलकट हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"घरचे विचारतील. एकटीवर घेऊ नकोस. माझा नंबर दे त्यांना. सांग, त्या हेगडेबाईनं मला अडकवलं आणि स्वतः पळून गेली. मी हो म्हणेन."