शंभर बुधवारांची दाढदुखी

आमच्या शर्टांच्या कारखान्यात अकरा मशिनं आणि अकरा तोंडं. त्यातली दहा तोंडं सतत चालू. अकरावी काज करणारी, म्हणून आम्ही तिला काजूताई म्हणायचो. तिचं मशीन माझ्या शेजारीच.

काजूताई अंधाराला भ्यायची नाही, उंदराला भ्यायची नाही. भ्यायची ती फक्त लोकांना काय वाटेल याला. नवी चप्पल घेतली की दोन दिवस घरातच घालून मळवायची, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. दाराला रंग दिला तोही शेजारणीच्या दाराचा बघून. "मी घास चावते त्याचा आवाज येतो का गं?" असं तिनं एकदा माझ्या कानात विचारलं होतं.

तिची आई आजारी असताना इस्पितळातल्या एका नर्सनं तिच्याबरोबर प्रार्थना केली. आई गेली, पण त्या प्रार्थनेनं काजूताईला धरलं ते सोडलंच नाही. छापखान्याच्या वरच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं प्रभू येशूच्या नावानं प्रार्थनेला जमत. ही तिथं जाऊ लागली. पण त्यासाठी कामावरून तासभर आधी निघायला हवं, आणि कारण काय सांगायचं? कापणीच्या टेबलावर आमची कात्रीबाई उभी. तिच्या जिभेला हाड नाही. देवाचं नाव घेणाऱ्यांची ती अशी नक्कल करी की आम्ही सगळ्या, मीसुद्धा, पोट धरून हसायचो. तेव्हा काजूताईच्या तोंडून भलतंच निघालं.

"दाढ दुखतेय. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरणीकडे जाते."

दर बुधवारी ती जायची, आणि गुरुवारी गुणगुणत यायची.

"दाढ कोरून घेतल्यावर कुणी गातं का?" मी विचारलं.

"भुलीचं इंजेक्शन," कात्रीबाईनं निकाल दिला. "चढतं कुणाकुणाला."

असं एक वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. आम्हाला तिची फार दया यायची. कुणी पावाच्या कडा काढून द्यायचं, कुणी केळं कुस्करून. कडक बिस्किटं ती बिचारी धाग्यांच्या कोठीत लपून खायची. आम्ही मात्र घरी, दुकानात, जिथं तिथं सांगत सुटलो, "बत्तीस दात आणि शंभर फेऱ्या! डॉक्टरीण आहे की सुरुंग लावणारी?"

एका बुधवारी सकाळी कात्रीबाई खुशीत आली. "ऐकलंत का? डॉक्टरणीनं पाटी लावलीय, जागा देणे आहे म्हणून. एक पेशंट फिरकत नाही. आपण सगळीकडे सांगितलं ना!"

काजूताईच्या हातातल्या शर्टाच्या बरोब्बर पाठीवर काज पडलं.

त्या संध्याकाळी छापखान्याच्या वरच्या खोलीत ती पहिल्यांदाच उठून उभी राहिली. प्रार्थना चालवायला एक निवृत्त पोस्टमनकाका होते.

"काका, मला खरं सांगायचंय. प्रार्थना करा, की लोक मला हसू नयेत."

"असली प्रार्थना मला जमायची नाही, मुली," काका म्हणाले. "लोक हसणारच. प्रभूला तर भर रस्त्यात हसले, वर थुंकले. तरी त्यानं तुला-मला आपलं म्हणायचं सोडलं नाही. आणि हसतील त्यांचे दात दिसतील, दुसरं काय?"

दात म्हटल्याबरोबर काजूताईला भर प्रार्थनेत हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. "ज्यानं माझ्यासाठी एवढं सोसलं," ती मला नंतर म्हणाली, "त्याचं नाव मी दोन वर्षं दाढेखाली दडवलं गं."

दुसऱ्या दिवशी कामाआधी ती थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरुण, बारकीशी. खोक्यात पुस्तकं भरत होती. काजूताईनं एका दमात सगळं ओकून टाकलं. डॉक्टरीण खोक्यावरच बसली.

"मला वाटायचं, माझ्याच हाताला गुण नाही," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं दिवा लावला. "बसा खुर्चीत. दोन वर्षं माझ्या पेशंट आहात, एकदा तोंड तरी बघू."

एकही दात किडलेला नव्हता. "असे दात मी पुस्तकातसुद्धा पाहिले नाहीत!" डॉक्टरीण ओरडली, आणि दोघी हसत सुटल्या.

तशीच ती कारखान्यात आली, धाग्यांच्या पेटीवर चढली आणि म्हणाली, "मशिनं बंद करा!"

इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नव्हती. दहाच्या दहा मशिनं थांबली. आणि नेमकी तेव्हाच तिची दातखिळी बसली. मला तिचे ओठ हलताना दिसले. काय म्हणालीस, असं मी नंतर विचारलं. "म्हटलं, प्रभू, धैर्य राहू दे बाजूला, नुसता आवाज दे."

आवाज मिळाला. "माझे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत आहेत! मी दर बुधवारी येशूची प्रार्थना करायला जाते. तुम्ही हसाल म्हणून खोटं बोलले, आणि डॉक्टरणीच्या पोटावर पाय आणला. चूक माझी."

कात्रीबाईनं कात्री टेबलावर ठेवली.

"म्हणजे," कात्रीबाई सावकाश म्हणाली, "दोन वर्षं मी पावाच्या कडा कापतेय त्या..."

"हो."

"आणि केळी?"

"मला केळं आवडतच नाही हो!"

कारखाना कोसळला की काय असा हशा उठला. कात्रीबाईनं हात जोडून डोळे वर फिरवले. "आली गं बाई आमची संतीण!" काहीजणी पुन्हा हसल्या, आणि या वेळचं हसणं टोचणारं होतं. काजूताई धरणी दुभंगायची वाट बघत उभी राहिली. धरणी जागची हलली नाही.

"एवढंच?" ती चकित होऊन म्हणाली. "एवढंच असतं?" आणि तिला असं हसू आलं की तोल जाऊन ती कॉलरच्या ढिगात बसली आणि तिथंच हसत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आम्हा चौघींना धरून दवाखान्यात नेलं. कात्रीबाईच्याच दोन दाढा किडलेल्या निघाल्या. महिन्याभरात पाटी उतरली. कात्रीबाई अजून नक्कल करते, पण आधी काजूताईला विचारून, नीट जमतेय का म्हणून. अधूनमधून मीही छापखान्यावरच्या त्या खोलीचा जिना चढते.

ती पेटीवर चढली त्याच गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर निघालो. काजूताई गात होती, चक्क मोठ्यानं, आणि भेटेल त्याला "नमस्कार दादा, नमस्कार मावशी" करत होती.

"अगं हळू," मी तिचा हात धरला, "लोक बघतायत."

"बघू देत की!" ती म्हणाली, आणि सिग्नलला थांबलेल्या अख्ख्या बसला तिनं दोन्ही हात हलवले. बसमधल्या सात-आठ जणांनी उलट हात केला. ड्रायव्हरनं तर हॉर्नच वाजवला.