चॅपल आणि काकीचा देव्हारा

मंडळी, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय. नातीनं शब्दकोशात बघून सांगितलं, की चॅपल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं छोटं प्रार्थनाघर, हे नाव 'छोटा झगा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. एका सैनिकाचा, पुढं संत झालेल्याचा, झगा ठेवलेली खोली म्हणजे पहिलं चॅपल.

एकाहत्तरच्या लढाईत आमचे चुलते गेले. पलूसला काकीनं त्यांचा मिलिटरी कोट देव्हाऱ्यात ठेवला होता. पाचगणीच्या बोर्डिंगातून सुट्टीला आलेला मी खेकसलो, "कोट कुणी देवात ठेवतं व्हय?"

"मग कुठं ठिवू रं?"

मी कोट उचलून खुंटीला अडकवला. शाळेत मात्र रोज चॅपलमध्ये हात जोडायचो.

काकी आता नव्वदीला आली. कोट अजून खुंटीलाच आहे. कुठल्या तोंडानं उतरवू, सांगा.